पडद्यावरचा जवान आणि घरातला जवान

(दूरचित्रवाणीवरील युद्धमालिका आणि सैनिकाचे मन या विषयावर सातारा व सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सांगलीत येऊन नाटकाविषयी बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ ज्या नगरीत रंगभूमीवर आणले, तेथील रसिकांना मी काय सांगणार? तरीही प्रारंभ नाटकापासूनच करतो. आजचा विषय दूरचित्रवाणीवरील युद्धमालिका आणि त्यांत दिसणाऱ्या सैनिकाच्या मनावरचा भार हा आहे. या विषयात मला आजच्या कोणत्याही मालिकालेखकापेक्षा भास अधिक जवळचा वाटतो.

भासाचे ‘ऊरुभंग’ हे लहानसे नाटक आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध हा त्याचा विषय. पण हे युद्ध प्रेक्षकांना दिसतच नाही. तीन सैनिक येतात आणि जे पाहिले ते सांगतात. युद्ध रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता सूचित करावे, हा भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील दंडकच आहे. दिसते ते युद्धानंतरचे. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवरून स्वत:ला ओढत येतो. आंधळा पिता त्याला शोधत येतो, माता येते, राण्या येतात. मग दुर्जय नावाचे त्याचे लहानगे पोर येते आणि रोजच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला धावते. ‘येथे आता तुला बसता येणार नाही’, हे त्या बापाला आपल्या मुलाला सांगावे लागते.

बंधूंनो, हा दुर्योधन आहे. आपल्या परंपरेने ज्याला खलपुरुष मानले, तो. त्यालाही भासाने हा क्षण नाकारला नाही. मग सीमेवर आपल्यासाठी उभ्या असलेल्या जवानाला आपल्या मालिकांनी असे किती क्षण दिले, हा प्रश्न मी आपल्यासमोर ठेवू इच्छितो.

दूरचित्रवाणीवर सैनिक तसा उशिरा आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर ‘फौजी’ ही मालिका लागली. कर्नल राज कपूर या निवृत्त सैन्याधिकाऱ्याने ती दिग्दर्शित केली होती. शाहरुख खानचा चेहरा घराघरांत पोहोचला तो तिच्यामुळे. त्याच सुमारास ‘हकीकत’कार चेतन आनंद यांनी ‘परमवीर चक्र’ ही मालिका केली आणि एकेका परमवीराची कथा देशासमोर आणली. या दोन्ही मालिकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ‘फौजी’ने प्रशिक्षणातले तारुण्य दाखवले, ‘परमवीर चक्र’ने रणांगणावरचे शौर्य दाखवले. प्रशिक्षण आणि पराक्रम यांच्यामधली जी दीर्घ वर्षे जवान प्रत्यक्ष जगतो, ती मात्र दोहोंच्या बाहेर राहिली.

त्यानंतर १९९९ साल आले. कारगिल हे आपल्या दिवाणखान्यात पोहोचलेले पहिले युद्ध. त्या युद्धाने आणखी एक बदल घडवला, ज्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत हुतात्मा झालेल्या जवानांचे अंत्यसंस्कार बहुधा आघाडीच्या परिसरातच होत. गावी यायची ती तार, आणि काही आठवड्यांनी त्याची ट्रंक. गावाकडे तारवाला दिसला की मजकूर वाचण्याआधीच घरात आकांत सुरू होई, हे येथील वयस्कर मंडळींना आठवत असेल. कारगिलपासून पार्थिव देह तिरंग्यात लपेटून गावी येऊ लागला. शासनाचा हा निर्णय अत्यंत उचित होता. पण कॅमेऱ्याला त्यातून एक तयार दृश्य मिळाले. फुलांनी सजवलेला ट्रक, दुतर्फा उभी शाळकरी मुले, बंदुकांची सलामी आणि पदर तोंडाशी धरलेली पत्नी. तेव्हापासून मालिका असो वा चित्रपट, सैनिकाचे दु:ख दाखवायचे म्हणजे हेच दृश्य दाखवायचे, असा जणू संकेत ठरून गेला. स्थानकावरचा निरोप, मध्यरात्रीचा दूरध्वनी आणि तिरंगा, या तीन चौकटींत सैनिकाचे मन संपते.

आता आपल्या भागाकडे वळतो. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आज वेगळे असले तरी १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत सांगलीकडील बराचसा मुलूख साताऱ्यातच होता. सांगली जिल्हा हे नाव तर १९६० मधले. मराठा पलटणींची भरती ज्या पट्ट्यातून पिढ्यानपिढ्या झाली, त्यात हा मुलूख अग्रभागी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली, हाही योगायोग नव्हे.

अशा मुलखाची कथा मराठी दूरचित्रवाणीवर यायला २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी महाराष्ट्रदिनी ‘झी मराठी’वर ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि जून २०१९ पर्यंत चालली. सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहणारा अजिंक्य, त्याची शीतल आणि त्याची जिजी. तेजपाल वाघ यांची लेखणी, चित्रीकरण साताऱ्याच्या गावांत, भाषा अस्सल सातारी. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडून मराठी मालिकेने प्रथमच फौजीच्या अंगणात पाऊल टाकले. सैन्यात जाणे हे हौतात्म्याच्या कथेऐवजी घरच्या स्वयंपाकघरातला, लग्नाच्या बोलणीतला विषय म्हणून दिसले, हे या मालिकेचे मोठे श्रेय आहे. मुलगी फौजीला द्यावी की न द्यावी, ही चर्चा आपल्याकडे कोणत्या घरात झाली नाही?

तथापि दैनंदिन मालिकेचे अर्थशास्त्र निर्दय असते. रोज अर्धा तास भरायचा, त्यात जाहिराती, आणि दर आठवड्याला टीआरपीची परीक्षा. काश्मीरची चौकी रोज कोठून दाखवणार? म्हणून कथा गावात थांबते आणि गावातला खलनायक जवानाच्या शत्रूपेक्षा मोठा होतो. येथे भय्यासाहेबांच्या कुरघोड्यांनी जितके भाग व्यापले, तितके भाग सीमेवरच्या एकाही रात्रीच्या वाट्याला आले नाहीत. हा दोष मी लेखकाच्या माथी मारत नाही. पण संधी हुकली, असे वाटते खरे.

सातारा तालुक्यातील एका निवृत्त हवालदारांच्या घरी माझे जाणे-येणे आहे. ही मालिका त्या घरात नेमाने पाहिली जाई. वहिनींना एकही भाग चुकवायचा नसे. हवालदार मात्र निरोपाचा किंवा गोळीबाराचा प्रसंग आला की उठून गोठ्याकडे जात. एकदा मी विचारले, ‘दादा, बघवत नाही का?’ ते म्हणाले, ‘बघवतं की. खरं ते तसं नसतं.’ मग कसे असते, हे काही त्यांनी सांगितले नाही. म्हशीला वैरण टाकली आणि उसाच्या बिलाचा विषय काढला.

कसे असते ते? मी सैनिक नाही, त्यामुळे अधिकाराने बोलू शकत नाही. परंतु या दोन जिल्ह्यांत हिंडताना, माजी सैनिकांच्या ओसरीवर बसताना जे कानी पडते, ते सांगतो.

जवानाच्या मनावरचे मोठे ओझे पुष्कळदा शत्रूचे नसते, बांधाचे असते. वर्षाकाठी दोन महिन्यांची वार्षिक रजा. ती पेरणीला जोडायची, की बहिणीच्या लग्नाला, की तलाठी कार्यालयाच्या खेपांना? हा सियाचीनला असताना भावकीतला कोणी बांध कोरतो, वाटणीचा दावा लावतो. गावाकडून फोन येतो आणि त्याच रात्री याला पहाऱ्यावर उभे राहायचे असते. म्हाताऱ्या वडिलांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, याची टोचणी थंडीपेक्षा अधिक बोचते. रजेवर आला की पहिला आठवडा घर परके वाटते. लहान मूल ओळखत नाही, आईच्या पदराआड दडते. ओळख पटते तोवर ट्रंक भरायची वेळ झालेली असते. पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर, चाळिशीच्या आत-बाहेर, तो कायमचा घरी येतो. ज्या घराचे सर्व निर्णय त्याच्यावाचून होत आले, तेथे तो आता कोण? ज्याने तुकडी सांभाळली तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. २०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्यांपैकी बरेच जण तर चार वर्षांनी, पंचविशीच्या आतच परततील. त्यांच्या घरांत हा प्रश्न आणखी निराळे रूप घेईल.

यात कोठेही बॉम्बस्फोट नाही. त्यामुळे मालिकेला हे नाट्यमय वाटत नाही. वास्तविक छोट्या पडद्याचे सामर्थ्य यातच आहे. बर्फातला हल्ला तो चित्रपटासारखा उभा करूच शकत नाही, तेथे धूर आणि पुठ्ठा दिसतोच. ओसरीवरची शांतता मात्र त्याच्याइतकी जवळून कोणी दाखवू शकत नाही.

मनाच्या या जखमेला पाश्चात्त्यांनी नाव दिले. पहिल्या महायुद्धात इंग्रज डॉक्टरांनी ‘शेल शॉक’ हा शब्द आणला, आणि व्हिएतनामनंतर, १९८० साली, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणावविकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. त्यांची दूरचित्रवाणीही त्या मागे गेली. कोरियन युद्धावरील ‘मॅश’ ही विनोदी मालिका १९८३ साली संपली, तेव्हा तिचा सदा थट्टेखोर नायक मनोरुग्णालयात दाखवला होता. २००१ च्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’मध्ये खंबीर अधिकारी बास्तोनच्या जंगलात मनाने मोडतो आणि सहकारी त्याला भ्याड म्हणत नाहीत.

यावर आपल्यातील काहींची प्रतिक्रिया मला ठाऊक आहे. ‘हे पाश्चात्त्य दुबळेपण आहे, आमचा जवान असा नसतो.’ माझे नम्र म्हणणे आहे की त्यांनी भगवद्गीतेचा पहिला अध्याय पुन्हा उघडावा. साऱ्या भारतवर्षातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर रणभूमीच्या मध्यावर उभा आहे. त्याचे गात्र शिथिल होते, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, गांडीव हातातून गळते, उभे राहवत नाही. व्यासांनी हे लपवले नाही, उलट त्या अवस्थेला ‘विषादयोग’ म्हटले. विषाद हाही योग! आणि भगवंतांनी? प्रथम टोचून बोलले, हे खरे. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. सतरा अध्याय त्याच्याशी बोलत राहिले, त्याचे प्रश्न ऐकत राहिले. युद्ध जिंकल्यानंतर युधिष्ठिराला राज्य नकोसे होते आणि त्याची समजूत घालण्यासाठी शांतिपर्व सांगावे लागते. तेव्हा योद्ध्याच्या मनाचे बोलणे परकीय आहे, हा समज आपलाच अज्ञानाचा आहे. मात्र पाश्चात्त्य मालिकांची नक्कलही उपयोगाची नाही. तेथला सैनिक बहुधा एकटा घरी परततो. आपला जवान गावात, भावकीत, एकत्र कुटुंबात परततो. तेच त्याचे औषध असते आणि पुष्कळदा तेच त्याचे ओझेही.

एक उदाहरण देतो, ज्यावर आजवर कोणी मालिका केल्याचे मला ठाऊक नाही. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियात कूट येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढले. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. अन्न संपले, तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. अनेक हिंदी सैनिकांनी ते खाण्यास दीर्घकाळ नकार दिला. सेनापती टाउनशेंड यांनी हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुमती मिळवली, तरी शिपाई बधेनात. कारण गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, पंगतीला बसवतील का, ही धास्ती होती. एप्रिल १९१६ अखेर शरणागती झाली, आणि पुढच्या बंदिवासात किती तरी मेले. तो उपाशी शिपाई शत्रूच्या तोफेपुढे उभा आहे आणि मनाने मात्र आपल्या गावच्या पंगतीत बसला आहे. याहून मोठे नाट्य कोणते? यासाठी धूर लागत नाही, पुठ्ठ्याचे रणगाडे लागत नाहीत. एक खंदक, दोन माणसे आणि मध्ये ठेवलेला ताट. एवढे पुरे आहे.

आता सांगली जिल्ह्यातील एका नावाकडे येतो. वाळवा तालुक्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. सैन्यातील मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर हवाई हल्ल्यात अंगात गोळ्या शिरल्या, एक पाठीच्या कण्यात राहिली, कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून पोहणे सुरू केले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची नोंद करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यानंतर? त्यानंतर दीर्घ शांतता. पद्मश्री मिळाली २०१८ साली. त्यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्याच्याही नंतर, जानेवारी २०२५ मध्ये. चित्रपटात युद्ध आहे, सुवर्णपदक आहे, आणि ते असायलाच हवे. पण १९७२ आणि २०१८ यांच्यामध्ये ४६ वर्षे आहेत. रोज सकाळी उठून तेच निकामी पाय पाहणाऱ्या माणसाची ४६ वर्षे! दोन-अडीच तासांच्या चित्रपटात ती मावणे कठीणच. मालिकेत मावतील. खडकीला १९१७ पासूनची परंपरा असलेली क्वीन मेरीज संस्था अपंग सैनिकांना हुन्नर शिकवते, तेथेच पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही आहे. मुंबईच्या चित्रीकरणस्थळांपासून हे अंतर चार तासांचे. एखाद्या लेखकाने तेथे महिनाभर राहावे, असे मनापासून वाटते.

आणि पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याच्या सैनिकी शाळेचे विद्यार्थी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमान अधिकारी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा भागात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. अंत्ययात्रेचे दृश्य सर्व वाहिन्यांनी दाखवले. मालिका असती तर येथे संपली असती. प्रत्यक्षात येथे सुरू झाली. वीरपत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची सवलत मिळवून निवड परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सैन्यात अधिकारी झाल्या. दोन लहान मुलांची आई, वयाने आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असणाऱ्या मुलींबरोबर पहाटे धावते आहे. तिचे दु:ख त्या धावण्यात आहे. मालिकेला दु:ख म्हणजे पार्श्वसंगीतासह अश्रू एवढेच का कळावे?

पानिपतानंतर पार्वतीबाईंनी सदाशिवरावभाऊंचा मृत्यू अखेरपर्यंत मानला नाही, कुंकू पुसले नाही. वाट पाहणाऱ्या स्त्रीचे हे चित्र आपल्या इतिहासातच आहे. बेपत्ता जवानांच्या घरी ते आजही आहे. पण तो स्वतंत्र विषय, त्यात आज शिरत नाही.

दोष केवळ मालिकांना देणे सोपे आहे. आपल्याकडेही पाहू. प्रजासत्ताकदिनी आपण माजी सैनिकाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि भाषण आपणच करतो. त्याला बोलायला सांगितलेच, तर शौर्याचा प्रसंग सांगा म्हणतो. एखादा म्हणाला की त्या रात्री मला भीती वाटली होती, किंवा मारलेल्या माणसाचा चेहरा अजून झोपेत दिसतो, तर आपल्याला अवघडल्यासारखे होते. आपण त्याला देव्हाऱ्यात बसवून मोकळे होतो. देवाला झोपेच्या गोळ्या लागत नाहीत, आणि देव बायकोवर विनाकारण चिडतही नाही. मग तो बिचारा कोठे जाणार? गोठ्याकडे! २०१९ च्या महापुरात याच सांगलीत नावा घेऊन आलेल्या जवानांना माता-भगिनींनी राख्या बांधल्या. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आणि अभिमानाने ऊर भरून आला. त्या हातांपैकी कोणाचे घर कोठे होते, तेही पाण्यात होते का, हे विचारायला तेव्हा उसंत नव्हती, हे मान्य. नंतर होती.

वृत्तवाहिन्यांविषयी एकच वाक्य. मे २०२५ मध्ये, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत, काही वाहिन्यांनी बातम्यांमागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले आणि अखेर शासनालाच ते बंद करण्याची सूचना द्यावी लागली, ज्या घरातला मुलगा त्या क्षणी सीमेवर होता, तेथील आईने तो भोंगा कसा ऐकला असेल, याचा विचार त्या वातानुकूलित कक्षात कोणी केला होता काय?

समारोपाऐवजी एक विनंती करतो. या भागातील पुष्कळ घरांत माळ्यावर फौजेची काळी ट्रंक आहे. तीत ‘५६ एपीओ’च्या पत्त्याची आंतरदेशीय पत्रे असतील, ६५ ची, ७१ ची. वडिलांनी लिहिलेली, आईने कोणाकडून तरी वाचून घेतलेली. ती रद्दीत घालू नका, वाळवीला देऊ नका. घरातल्या कोणी तरी बसून ती उतरवून काढावीत, आणि आजोबा हयात असतील तर त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावीत. कोणी मालिका लिहो वा न लिहो, ती पत्रे घरच्यांनी तरी ऐकलेली असावीत. साताऱ्यात काल हे सांगितल्यावर सभागृहातून एक वृद्ध गृहस्थ उठले आणि ‘आमच्याकडं हायती, पण मालकीण वाचू देत न्हाई’, असे म्हणाले. सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत.

मागच्या दोन रांगांत काही माजी सैनिक बसलेले मला येथून दिसत आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर उरलेला अर्धा तास त्यांनी घ्यावा. ध्वनिवर्धक त्यांच्याकडे पाठवतो आणि मी समोर जाऊन बसतो.